नागपुरात हात बसवा, मग थारला जा : वाळूच्या टेकड्या, वाळकी झाडं आणि वन्यजीवांचे फोटो

वाळूच्या टेकडीला आकार असतो, पण कॅमेऱ्याला तो थेट दिसत नाही. दिसते ती सावली. भर दुपारी सगळी टेकडी एकाच रंगाचा सपाट पट्टा होऊन बसते. तीच टेकडी सूर्योदयानंतरच्या पाऊण तासात धार, उतार, लहरी असं सारं काही दाखवते. म्हणजे जैसलमेरला गेल्यावर टेकड्यांसाठी खऱ्या कामाचा प्रकाश सकाळ-संध्याकाळ मिळून रोज दीड तासाच्या आसपास. त्या वेळात कॅमेऱ्याची बटणं शोधायची नसतील तर सराव घरूनच करून निघावं. नागपूरकरांना हे सोपं आहे. धूळ, तापलेली हवा, निष्पर्ण झाडं, जिप्सीतून टिपायचे प्राणी हे सगळं दोन-तीन तासांच्या अंतरात मिळतं. नाही ती फक्त टेकडी, आणि तिचीही सोय होते.

टेकडीचा सराव वाळूच्या ढिगावर

बांधकामाच्या जागी ओतलेला कोरड्या वाळूचा ढीग बघा. त्याचा उतार साधारण ३३-३४ अंशांवर येऊन थांबतो. त्याहून उभा केला की वाळू घसरते. वाळवंटातल्या टेकडीची वाऱ्याआडची बाजूही याच कोनात असते, कारण वाऱ्याने धारेवरून पलीकडे टाकलेल्या वाळूचा तोही ढीगच. वाऱ्याकडची बाजू मात्र बरीच सौम्य, १०-१५ अंशांची. या दोन उतारांमधली धार म्हणजे तुमच्या फोटोतली मुख्य रेघ.

सूर्यास्ताच्या तासभर आधी ढिगाजवळ जा. मोबाइल असला तरी चालेल, दुप्पट-तिप्पट झूम लावा. ढिगाभोवती पूर्ण फेरी मारा आणि तीन जागांवरून फोटो घ्या : सूर्य तुमच्या पाठीमागे, सूर्य बाजूला, सूर्य समोर. पाठीमागच्या उजेडात ढीग पसरट आणि निर्जीव दिसेल. बाजूच्या उजेडात धारेच्या एका अंगाला प्रकाश आणि दुसऱ्या अंगाला काळोख येईल. समोरच्या उजेडात ढिगाच्या कडेवर चमकती रेघ उमटेल. दर दहा मिनिटांनी हीच फेरी पुन्हा मारा. सूर्य किती खाली आला की आकार उठून दिसू लागतो, हे एका संध्याकाळात डोळ्याला कळतं.

लहरींसाठी मार्च ते मे दरम्यान कन्हान नदीचं कोरडं पात्र बघावं. वाळू उपसलेल्या जागी खोल खड्डे असतात आणि त्यांच्या कडा ढासळतात, म्हणून एकट्याने आणि अंधारात पात्रात उतरू नये. इथे एक हिशेब डोक्यात ठेवण्यासारखा आहे. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना १ सेंटिमीटर उंचीच्या लहरीची सावली साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे जाते. सूर्य ४५ अंशांवर आला की तीच सावली जेमतेम १ सेंटिमीटर उरते. लहरींचे फोटो नाश्त्यानंतर का जमत नाहीत, त्याचं कारण एवढंच.

थारमध्ये वेळ आणि दिशा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. थंडी हे कारण आहेच, पण डिसेंबरात जैसलमेरला भर दुपारीही सूर्य ४०-४१ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे तिरपा प्रकाश जास्त वेळ मिळतो. आपल्याकडे मेच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गोळा होते. थारमध्येही जूनच्या दुपारी जवळपास हीच गत असते.

जैसलमेर नागपूरच्या सुमारे ८ अंश पश्चिमेला आहे. घड्याळ एकच असल्यामुळे सूर्य तिथे अर्धा तास उशिरा उगवतो, हिवाळ्यात आणखी थोडा. नागपूरच्या सवयीने गजर लावला तर थंडीत उगाच कुडकुडावं लागतं. उलट, संध्याकाळचा उजेड अपेक्षेपेक्षा थोडा जास्त वेळ टिकतो. तारखेनुसार वेळ काढा आणि सूर्योदयाच्या किमान ४० मिनिटं आधी जागेवर पोहोचा. सम गावाजवळच्या टेकड्या जैसलमेर शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर आहेत, ते अंतर यात धरा.

तिथल्या वाळूला आकार देणारा जोरदार वारा उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे टेकड्यांची उभी, घसरती बाजू बहुधा ईशान्येकडे असते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. हे दोन्ही जुळवा : संध्याकाळी सौम्य उतार उजळतो, उभी बाजू पूर्ण सावलीत जाते आणि धार सुरीसारखी दिसते. सकाळी प्रकाश दोन्ही उतारांना घासत जातो, म्हणून लहरी सकाळी उत्तम. मोठ्या वळणदार रेघेसाठी संध्याकाळ, पोतासाठी सकाळ, अशी विभागणी करून कामाला लागा.

सकाळीच जावं याला दुसरंही कारण आहे. दिवसभर उंट, जीप आणि माणसं टेकड्या तुडवतात. रात्री वारा असला तर ठसे बुजतात. वारा पडलेला असेल तर सकाळीही ठसे तसेच राहतात. मग पर्यटकांच्या मुख्य पट्ट्यापासून एक-दोन किलोमीटर दूर चालत जाण्याला पर्याय नाही. खुडी गावाकडच्या टेकड्यांवर गर्दी कमी असते.

स्वतःचे ठसे हा सगळ्यांत जास्त फोटो बिघडवणारा प्रकार. आधी लांब उभं राहून ठरवा : पुढचा भाग कोणता, मागची टेकडी कोणती. न तुडवलेल्या वाळूचा फोटो सगळ्यांत आधी घ्या आणि मगच तिच्यावर पाय टाका. चढताना चौकटीबाहेर राहणाऱ्या उतारावरून चढा. बरोबर चार जण असतील तर एकामागोमाग एकाच पाऊलवाटेने चाला. फोटोतून ठसे नंतर पुसता येतात असं पुष्कळांना वाटतं, पण लहरींवरचा ठसा पुसला की लहरींची लय तुटते आणि ती जागा डोळ्याला लगेच खटकते.

लेन्स आणि सेटिंग

टेकड्यांसाठी वाइड लेन्सच लागते, हा गैरसमज सोडा. १६-३५ मिलिमीटरच्या वाइड लेन्सने जवळची वाळू खूप दिसते आणि मागची भव्य टेकडी उंचवटा होऊन जाते. ७०-२०० मिलिमीटरची झूम ही टेकड्यांची लेन्स. तिने एकामागची एक धार जवळ येते, सावल्यांचे पट्टे एकमेकांवर बसतात. वाइड लेन्स लहरी अगदी पायाशी असताना वापरा. कॅमेरा गुडघ्याखाली, आणि अंतर कमी असल्यामुळे एफ/११.

सुरुवातीला हे धरा : रॉ फाइल, आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, ट्रायपॉड. एफ/१६च्या पुढे गेलात तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे कण बोथट होतात, आणि वाळूच्या फोटोत कण हेच तर सगळं असतं. जवळचं आणि लांबचं एका फोकसमध्ये बसत नसेल तर दोन-तीन फोकसचे वेगळे फोटो घेऊन नंतर जोडा.

कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं करड्या रंगाचं वाटतं. उन्हातली वाळू त्याहून उजळ असते, म्हणून कॅमेरा ती मळकट करतो. एक्स्पोजर +०.७ ते +१ करा. सूर्य समोर असेल किंवा चौकटीत मोठी सावली असेल तर हा नियम लागू पडत नाही. तिथे हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख बघा, तोही लाल, हिरवा, निळा असा वेगळा. केशरी वाळूत लाल रंग सर्वांत आधी फुटतो. एकत्रित आलेख ठीक दिसतो, आणि घरी आल्यावर टेकडीचा उजळ भाग प्लॅस्टिकसारखा एकरंगी निघतो. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉपने कमी करा.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा केशरी रंग दोष समजून धुऊन काढतो. ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर पक्का करा. पोलरायझर फिल्टर वाइड लेन्सवर लावू नका, आकाशात एका बाजूला गडद डाग पडतो.

उन्हात स्क्रीन फिकट दिसते आणि मग माणूस एक्स्पोजर वाढवत जातो. नागपुरात उन्हाळ्यात चेहऱ्याला बांधतो तो दुपट्टा इथे फार उपयोगी. डोक्यावरून स्क्रीनवर ओढा आणि सावलीत आलेख बघा. वारा सुटला तर तोच कॅमेऱ्यावर टाका.

वाळकी झाडं

झाडांच्या सरावासाठी विदर्भासारखी जागा नाही. पेंच आणि ताडोब्याच्या जंगलात कुलूची झाडं आहेत. कोणी कढई म्हणतं, कोणी भुत्या. उन्हाळ्यात ही झाडं पूर्ण निष्पर्ण असतात, साल पांढुरकी आणि गुळगुळीत. मेलेली दिसतात, पण जिवंत असतात. पाण्यातल्या वाळक्या खोडांसाठी पेंचमधला तोतलाडोह जलाशय आणि ताडोब्याच्या मोहर्ली बाजूचा इरई धरणाचा फुगवटा बघा. पाणी उतरत जातं तशी बुडालेली खोडं वर येतात आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात.

वाळक्या झाडाच्या फोटोत फांद्या हाच विषय, आणि त्या फांद्या मागच्या गोष्टींत मिसळल्या की फोटो संपला. म्हणून क्रम असा ठेवा :

१. आधी मागची बाजू निवडा : मोकळं आकाश, सावलीतला उतार किंवा उजळलेली टेकडी. झाड नंतर.

२. कॅमेरा डोळ्याला लावून दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, मग गुडघ्यावर. एकमेकींना छेदणाऱ्या फांद्या कुठे सुट्या होतात ते शोधा. यात दहा मिनिटं गेली तरी चालतील, ती वाया जात नाहीत.

३. क्षितिज फांद्यांच्या मधोमध जाऊ देऊ नका. खाली बसलात की झाड आकाशात चढतं. उभे राहिलात की ते जमिनीवर टेकतं. दोन्ही चांगलं, अधलंमधलं वाईट.

४. पांढरी साल असेल तर मीटर सालीवर घ्या आणि +०.७ करा. काळं खोड असेल तर मीटर खोडावर कधीच घेऊ नका; मागच्या उजेडावर घ्या आणि खोड काळंच राहू द्या.

आफ्रिकेतल्या नामिबियाचा बेत असेल तर डेडव्हलेसाठी हेच लागू आहे. सोसुसव्हलेजवळच्या या पांढऱ्या चिकणमातीच्या तळावर कॅमल थॉर्नची झाडं उभी आहेत, आपल्या बाभळीच्याच कुळातली. टेकड्यांनी त्साउचाब नदीचं पाणी अडवलं आणि झाडं मेली, त्याला ६००-७०० वर्षं झाली असं मानतात. हवा इतकी कोरडी की लाकूड कुजलंच नाही, उन्हाने काळं पडलं. भोवतीची वाळू लोहाच्या ऑक्साइडमुळे केशरी आहे.

तिथला खास प्रकाश सकाळचा. पश्चिमेकडच्या टेकडीवर ऊन पडलेलं असतं, पण तळ आणि झाडं अजून सावलीत असतात. ७०-२०० किंवा १००-४०० लावा, चौकटीतून आकाश पूर्ण काढून टाका, मीटर उजळलेल्या टेकडीवर घ्या. मागे केशरी भिंत, पुढे काळी झाडं, आणि सावलीतला तळ वरच्या आकाशामुळे निळसर. हे ऊन तळावर उतरेपर्यंतच चालतं. मोटारी थांबतात तिथून साधारण एक किलोमीटर वाळूत चालावं लागतं, आणि त्याआधीचा शेवटचा ५ किलोमीटरचा रस्ता फक्त फोर-बाय-फोर गाडीचा. साधी गाडी त्यात हमखास रुतते, शटल घ्या. उद्यानाच्या आत, सेसरिएमला मुक्काम असेल तर सूर्योदयाच्या तासभर आधी निघता येतं. बाहेर राहिलात तर फाटक सूर्योदयाला उघडतं आणि हा प्रकाश हातचा जातो. पैसे कुठे वाचवायचे ते ठरवताना हे लक्षात घ्या. झाडांना हात लावायचा नाही, फांदीला टेकायचं नाही. तुटलेली फांदी परत येणार नाही.

झाड आणि तारे असा फोटो हवा असेल तर पेंचचा फायदा घ्या. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (अंधारं आकाश जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली. रात्री जंगलात शिरायची परवानगी नसते, त्यामुळे वनविभागाने ठरवलेल्या जागीच थांबा. १४ ते २० मिलिमीटर, एफ/२.८, आयएसओ ३२००, १५ ते २० सेकंद, फोकस तेजस्वी ताऱ्यावर हाताने. आकाशगंगेचा दाट मध्यभाग डिसेंबर-जानेवारीतल्या थारमध्ये रात्री दिसत नाही. त्याच्यासाठी निदान फेब्रुवारीच्या अखेरीची पहाट लागते.

प्राणी

ताडोब्याच्या जिप्सीत शिकलेलं बरंच काही वाळवंटात चालतं : गाडी थांबल्यावर इंजिन बंद, बीनबॅगवर लेन्स, उभ्या प्राण्याला शटर १/५०० सेकंद, पळणाऱ्याला १/१६०० किंवा त्याहून जलद, आयएसओ ऑटो. बीनबॅग रिकामी न्यावी आणि तिथे पोहोचल्यावर ३-४ किलो तांदूळ किंवा गहू भरावा. वाळू भरू नका, शिवणीतून बारीक कण लेन्सवर येतात. ताडोब्याच्या कोअरमध्ये, म्हणजे गाभा क्षेत्रात, मोबाइल नेता येत नाही, म्हणून सूर्याची दिशा दाखवणाऱ्या ॲपवर विसंबू नका. वेळ आणि दिशा कागदावर लिहून घ्या. ही सवय रेंज नसलेल्या वाळवंटातही कामाला येते.

फरक आहे तो आडोशाचा. जंगलात वाघ झाडीतून अचानक जवळ येतो. जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कच्या उघड्या माळावर चिंकाऱ्याने तुम्हाला अर्धा किलोमीटरवरूनच पाहिलेलं असतं. सरळ त्याच्याकडे गाडी नेली की तो पळतो. तिरकं, हळू, थांबत जा. पळालाच तर पाठलाग करू नका. थोडं अंतर गेल्यावर तो बहुधा थांबून मागे वळून बघतो, आणि फोटो त्या क्षणाचा असतो. वाळूच्या रंगाचा प्राणी वाळूवर हरवतो. त्याला बाजूचा किंवा त्याच्या पाठीमागून येणारा प्रकाश द्या, कडेला सोनेरी रेघ आली की तो सुटा दिसतो. आणि प्रत्येक वेळी चौकट भरायचा हट्ट नको. चौकटीच्या दहाव्या भागाएवढा चिंकारा आणि बाकी मोकळा माळ, हा फोटो वाळवंट जास्त खरं सांगतो.

सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, ऊन चढल्यावर बिळाच्या तोंडाशी येतो. गाडीतून न उतरता, लेन्स दारातून शक्य तितकी खाली धरा. पहाटे टेकड्यांवर भुंगेऱ्यांच्या आणि सरड्यांच्या पावलांच्या माळा असतात. प्राणी नाही दिसला तरी या ठशांचा तिरप्या उन्हातला फोटो सुंदर येतो.

माळढोकाबद्दल मात्र कडक राहा. जगात २००पेक्षाही कमी उरलेला हा पक्षी एकेकाळी आपल्या वरोऱ्याच्या माळावरही होता. रस्ता सोडायचा नाही, घरट्याच्या दिशेने जायचं नाही, आवाज वाजवून बोलवायचं नाही. वाटाड्या जवळ नेतो म्हणाला तरी नाही म्हणा. ड्रोन सीमेलगतच्या भागात आणि अभयारण्यात चालत नाही. तो बॅगेतून काढून घरीच ठेवून जा.

तापलेल्या हवेची थरथर

लांबच्या लेन्सचे फोटो मऊ येतात आणि लोक लेन्स दुरुस्तीला टाकतात. बऱ्याचदा दोष हवेचा असतो. जमीन तापली की तिच्यावरच्या हवेचे थर वेगवेगळ्या घनतेचे होतात आणि प्रकाश वाकडातिकडा वळतो. शटरचा वेग कितीही वाढवला तरी हे जात नाही, आणि जास्त लांब लेन्सने ते आणखी वाढतं. ओळखायची रीत सोपी आहे : एकाच स्थिर गोष्टीचे सलग दहा फोटो घ्या. सगळे सारखेच मऊ असतील तर फोकस चुकतोय. प्रत्येक वेगळ्या ठिकाणी मऊ असेल तर हवा. उपाय दोनच, अंतर कमी करा किंवा पहाटे या. मे महिन्यात ताडोब्याच्या दुपारच्या सफारीत ४०० मिलिमीटरने आधी शंभर मीटरवरचं, मग तीस मीटरवरचं झाड टिपून बघा.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते आणि आपला मे ४५ अंशांपर्यंत जातो. काळी लेन्स उन्हात ठेवू नका, ओल्या नव्हे तर कोरड्या पांढऱ्या कापडाने झाका. बंद गाडीत कॅमेरा सोडू नका. थारच्या हिवाळ्यात उलटं होतं : पहाटेच्या गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. गारठ्यातून उबदार खोलीत आल्यावर बॅग अर्धा-पाऊण तास उघडू नका, नाहीतर काचेवर दव धरतं.

वाळूपासून बचाव

टेकडीवर लेन्स बदलायची नाही. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी असतील तर एकीवर ७०-२००, दुसरीवर वाइड. एकच असेल तर लेन्स गाडीत, काचा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला. बॅग वाळूवर टेकवू नका, खाली जाड प्लॅस्टिक अंथरा.

वाळूचे कण क्वार्ट्झचे, काचेपेक्षा कठीण. लेन्सवर कण दिसला की कापड लावायचं नाही, आधी ब्लोअरने उडवायचा. कापडाखाली राहिलेला एक कण लेन्सच्या लेपावर कायमचा ओरखडा काढतो. इथे यूव्ही फिल्टर लावणं योग्य. ओरखडा पडला तर तो बदलता येतो.

ट्रायपॉडचा सर्वांत खालचा, बारीक भाग आधी थोडा बाहेर काढा, म्हणजे त्याचं लॉक वाळूच्या वर राहील. उलट केलंत तर लॉकच्या आट्यांत वाळू शिरते आणि दुसऱ्या दिवशी पाय अर्धवट अडकतो. अडकला तर जोर लावून फिरवू नका, आटे झिजतात. मुक्कामी आल्यावर पाय पूर्ण सोडवा, आटे कोरड्या टूथब्रशने झाडा, साध्या पाण्याने धुवा, रात्रभर सावलीत सुटे वाळवा आणि सकाळी आट्यांना ग्रीसचं पुसट बोट लावून जोडा.